टाकीची मोटर आणि स्टेट मशीन: कागदावरच्या कोष्टकापासून सर्किटपर्यंत

गच्चीवरच्या टाकीत पाणी निम्म्यावर आहे. मोटर चालू हवी की बंद?

एवढ्यावर उत्तर देता येत नाही. टाकी भरताना पाणी निम्म्यावर आलं असेल तर मोटर चालूच राहायला हवी. सकाळच्या वापराने पाणी निम्म्यावर उतरलं असेल तर ती बंद हवी. टाकीतले फ्लोट, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर हलणारे स्विच, दोन्ही वेळी अगदी एकच गोष्ट सांगतात. फरक आहे तो आधी काय घडलं यात. आधी घडलेल्यातलं किती लक्षात ठेवलं म्हणजे पुढचा निर्णय घेता येईल? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे अवस्था. अशा मोजक्या अवस्था, आणि कोणत्या अवस्थेत कोणता इनपुट आला की कुठे जायचं याचे नियम, यांना मिळून फायनाइट स्टेट मशीन म्हणतात.

अभ्यासक्रमात हा विषय वर्तुळं (अवस्था) आणि बाण (एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचे नियम) काढून संपतो. वर्तुळं काढणं सोपं आहे. माझा अनुभव असा की बिघाड नेहमी न काढलेल्या बाणात सापडतो. म्हणून या लेखात चित्रापेक्षा कोष्टकावर भर दिला आहे, आणि उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे: वरची टाकी, खालचा हौद आणि मधली मोटर.

पायरी १: इनपुट ठरवा, आणि तार तुटली तर काय हेही ठरवा

आपल्याकडे तीन फ्लोट आहेत. 'तळ' हा वरच्या टाकीच्या बुडापासून वीतभर उंचीवर. पाणी त्याच्यापर्यंत असेल तर १, त्याखाली गेलं तर ०. 'काठ' हा वरून चार बोटं खाली. पाणी त्याला लागलं की १. 'हौद' हा खालच्या टाकीत. मोटरला ओढण्याइतकं पाणी असेल तर १, नाहीतर ०.

फ्लोटची तार उन्हाने कडक होते, उंदीर कुरतडतात, जॉइंट गंजतो. तार तुटल्यावर कोणता आकडा वाचला जाईल हे आपल्या हातात असतं, फक्त ते आधी ठरवावं लागतं. काठाचा फ्लोट असा जोडा की टाकी भरलेली नसताना संपर्क जुळलेला राहील आणि भरल्यावर सुटेल. मग तुटलेली तार 'टाकी भरली' असं सांगेल आणि मोटर बंद राहील. हौदाचा उलटा जोडा: पाणी असताना संपर्क जुळलेला, म्हणजे तुटलेली तार 'हौद कोरडा' असं सांगेल. तळाचा फ्लोट पाणी खाली गेल्यावरच संपर्क जुळवेल असा ठेवा. त्याची तार तुटली तर मोटर सुरूच होणार नाही आणि यंत्राला ते कळणारही नाही. नळ कोरडे पडतील, पण गच्चीवरून पाणी वाहणार नाही. दोन त्रासांपैकी हा त्रास मी जाणूनबुजून निवडला आहे.

एक सूचना इथेच. हे सगळं काम कमी व्होल्टच्या बाजूचं आहे. कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच) आणि २३० व्होल्टची जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पायरी २: आधी दोनच अवस्थांचं यंत्र

हौद थोडा वेळ विसरू. 'थांबलेली' आणि 'भरणे' या दोन अवस्था. तळ आणि काठ या दोन इनपुटची चार रूपं. म्हणजे कोष्टकात आठ चौकोन.

थांबलेली असताना: तळ ०, काठ ० तर भरणे. तळ १, काठ ० तर थांबलेलीच. तळ १, काठ १ तर थांबलेलीच.

भरणे चालू असताना: तळ ०, काठ ० तर भरणेच. तळ १, काठ ० तरीही भरणेच. तळ १, काठ १ तर थांबलेली.

तळ १, काठ ० हा इनपुट दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे उत्तर वेगळं आहे. स्मृती लागते ती नेमकी इथे. स्मृती नसलेलं, एकाच फ्लोटवर चालणारं यंत्र केलं तर पाण्याच्या लाटेबरोबर मोटर सुरू-बंद होत राहते आणि कॉन्टॅक्टर जळतो.

लिहून झाले सहा चौकोन. दोन उरले: तळ ०, काठ १. वरच्या फ्लोटला पाणी लागलंय पण खालच्याला नाही. असं होऊच शकत नाही, म्हणून बहुतेक जण ते रिकामे सोडतात. त्या दोन चौकोनांकडे पुढे परत येऊ. तूर्त दोन्हीत 'थांबलेली' लिहा. आता सगळे आठ चौकोन एका वाक्यात बसतात:

पुढच्या क्षणी मोटर चालू = काठ लागलेला नाही, आणि (मोटर आत्ता चालू आहे किंवा तळ उघडा पडला आहे).

हे वाक्य ओळखीचं आहे. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडून पाहा. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटर चालू राहते, कारण कॉन्टॅक्टरचा एक छोटा जादा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. मोटर चालू असणं हेच मोटर चालू राहण्याचं कारण बनतं. इलेक्ट्रिशियन याला होल्डिंग म्हणतात. लाल बटण त्या सगळ्याच्या आधी, एकसर जोडणीत. हिरव्या बटणाच्या जागी 'तळ उघडा' आणि लाल बटणाच्या जागी 'काठ लागला' ठेवा, की वरचंच सूत्र. संगणकाच्या चिपमधला एक बिट (० किंवा १) लक्षात ठेवणारा लॅचही याच कल्पनेवर चालतो.

स्टार्टरकडून आणखी एक धडा घ्यावा. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाही. म्हणजे या यंत्राची सुरुवातीची अवस्था ठरलेली आहे: बंद. ऑटो स्विच बसवला की ही सुरुवातीची अवस्था बदलते. वीज आल्याबरोबर शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर भार पडतो. सुरुवातीची अवस्था ही अशी, सगळ्या गावाला जाणवणारी गोष्ट असू शकते.

पायरी ३: खऱ्या जगाच्या चार अवस्था

आता हौद परत आणू. हौद आटला तर मोटर कोरडी चालून सील जळू नये, म्हणून 'विसावा'. काहीतरी विसंगत दिसलं तर मोटर बंद करून बझर वाजवत राहायचं आणि माणूस येईपर्यंत हलायचं नाही, म्हणून 'बिघाड'.

इनपुटही वाढले. रीसेटचं बटण आलं. दोन घड्याळं आली. दोन फ्लोटमध्ये ४००० लिटर पाणी मावतं आणि मोटर मिनिटाला १०० लिटर चढवते असं धरा, तर टाकी भरायला ४० मिनिटं लागतात. म्हणून भरण्याची मर्यादा ६० मिनिटं. विसावा १५ मिनिटांचा.

सहा इनपुट म्हणजे ६४ रूपं, चार अवस्था, एकूण २५६ चौकोन. एवढं कोष्टक हाताने कोणी लिहीत नाही. प्रत्येक अवस्थेचे नियम क्रमाने लिहायचे, आणि वरचा नियम लागू पडला की खालचे बघायचे नाहीत. क्रम हा नियमाचाच भाग आहे.

थांबलेली: तळ ० आणि काठ १ असेल तर बिघाड. नाहीतर, तळ ० आणि हौद १ असेल तर भरण्याचं घड्याळ शून्य करून भरणे. नाहीतर इथेच.

भरणे: तळ ० आणि काठ १ असेल तर बिघाड. नाहीतर, काठ १ असेल तर थांबलेली. नाहीतर, हौद ० असेल तर विसाव्याचं घड्याळ शून्य करून विसावा. नाहीतर, ६० मिनिटं झाली असतील तर बिघाड. नाहीतर इथेच.

विसावा: तळ ० आणि काठ १ असेल तर बिघाड. नाहीतर, काठ १ असेल तर थांबलेली. नाहीतर, १५ मिनिटं झाली आणि हौद १ असेल तर भरणे. नाहीतर इथेच.

बिघाड: बटण दाबलं तर थांबलेली. नाहीतर इथेच.

प्रत्येक अवस्थेच्या शेवटी 'नाहीतर इथेच' आहे. ते लिहायचं टाळू नका. ते लिहिलं की एकही चौकोन रिकामा राहत नाही.

आता त्या 'अशक्य' चौकोनांकडे या. काठाची तार तुटली की तो कायम १ वाचला जातो. टाकी हळूहळू वापरून तळाखाली जाते, आणि तळ ०, काठ १ हे रूप प्रत्यक्षात समोर येतं. दोन अवस्थांच्या यंत्रात तिथे मोटर गुपचूप बंद राहिली असती आणि इमारतीत पाणी का नाही याचा शोध घ्यावा लागला असता. चार अवस्थांच्या यंत्रात बझर वाजतो. तळाचा फ्लोट शेवाळाने खालीच अडकला तरी टाकी भरताच हेच रूप येतं. अशक्य वाटणारा इनपुट हा सेन्सर बिघडल्याचा सर्वांत स्वस्त पुरावा असतो. तो फुकट मिळत असताना फेकून देऊ नये.

पायरी ४: घड्याळ हीसुद्धा अवस्थाच

भरण्याचं घड्याळ फक्त 'थांबलेली'कडून 'भरणे'कडे जाताना शून्य होतं, 'विसावा'कडून परत येताना नाही. विसाव्यात ते गोठून राहतं. हा तपशील वाटतो, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. समजा काठाचा फ्लोट अडकून कायम ० दाखवतोय आणि हौदात अर्ध्या तासाचंच पाणी आहे. प्रत्येक विसाव्यानंतर घड्याळ शून्यावर आलं, तर साठ मिनिटं कधीच पूर्ण होणार नाहीत. हौद भरला की मोटर चालेल, टाकी वाहत राहील आणि यंत्र स्वतःला निरोगी समजत राहील.

खरं तर घड्याळ म्हणजे बाजूला काढून ठेवलेली अवस्था. सेकंदांचा हिशोब धरून सगळं एकाच कोष्टकात घातलं तर ४ गुणिले ३६०० गुणिले ९००, म्हणजे १ कोटी २९ लाख ६० हजार अवस्था होतील. संख्या मर्यादितच आहे, म्हणून तत्त्वतः हे फायनाइट स्टेट मशीनच. माणसाला डोक्यात धरता यावं म्हणून आपण त्याचे तुकडे करतो, आणि तुकडे जिथे जुळतात तिथे चुका शिरतात.

पायरी ५: आउटपुट कुठे लिहायचं

मोटर फक्त अवस्थेवरून ठरवा: भरणे असेल तर चालू, बाकी तिन्हीत बंद. घड्याळ शून्य करण्याचं काम मात्र विशिष्ट बाणावर होतं. या दोन पद्धतींना दोन अभियंत्यांची नावं आहेत. बेल लॅब्जमधल्या जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये बाणांवर आउटपुट असलेलं यंत्र मांडलं. तिथल्याच एडवर्ड मूर यांच्या १९५६ च्या निबंधातल्या यंत्रात आउटपुट अवस्थेला चिकटलेलं आहे. मीली पद्धतीत बरेचदा अवस्था कमी लागतात आणि उत्तर क्लॉकचा, म्हणजे सर्किटला ताल देणाऱ्या सिग्नलचा, एक ठोका आधी मिळतं. पण इनपुट थरथरला की आउटपुटही थरथरतं. मोटर, झडप, हीटर असं काही चालवायचं असेल तर मी मूर पद्धतच वापरतो.

पायरी ६: प्रोग्राम

मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकावर, दर १०० मिलिसेकंदांनी एक फेरी चालवा. प्रत्येक फेरीत चारच कामं, याच क्रमाने:

सगळे इनपुट एकदाच वाचून बाजूला ठेवा.
आत्ताची अवस्था आणि ते इनपुट यांवरून पुढची अवस्था काढा.
अवस्था बदला.
नव्या अवस्थेप्रमाणे मोटर आणि बझर लावा.

पहिलं काम 'एकदाच' करायचं, कारण एका फेरीच्या मध्येच फ्लोट हलला तर वरच्या नियमाला एक आकडा दिसेल आणि खालच्याला दुसरा. मग कोष्टकात नसलेलं काहीतरी घडेल आणि ते पुन्हा करून दाखवता येणार नाही. लाटेचा त्रास घालवायला लागोपाठ ३० वाचनं सारखी आली, म्हणजे ३ सेकंद, तरच बदल खरा माना. आणि विसाव्याची १५ मिनिटं डिले लावून थांबू नका. त्या काळात यंत्र आंधळं होतं आणि रीसेटचं बटणही त्याला दिसत नाही.

आमच्या इमारतीसाठी मी केलेल्या पहिल्या यंत्रात हे सगळं पाळलं होतं, तरी टाकी वाहिली. काठाचा फ्लोट शेवाळाने अडकला होता. पहाटे मोटर साठ मिनिटं चालली, यंत्र बिघाडात गेलं, बझर वाजला. थोड्या वेळाने वीज गेली आणि आली. यंत्र 'थांबलेली' या सुरुवातीच्या अवस्थेत परतलं, बिघाड विसरून. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाल्यावर पुन्हा तेच. चाळीस मिनिटांत भरणारी टाकी साठ मिनिटं भरली जात होती, म्हणजे दर वेळी वीस मिनिटांचं, २००० लिटर पाणी गच्चीवरून खाली. वीज जाणे हा प्रत्येक अवस्थेतून निघणारा बाण आहे, आणि माझ्या चित्रात तो काढलेलाच नव्हता. तेव्हापासून बिघाडाचा एक बिट ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिहितो आणि सुरू होताना आधी तो वाचतो. अशा मेमरीची एक जागा साधारण लाखभर वेळाच लिहिता येते, म्हणून तो दर फेरीत न लिहिता फक्त बदलतानाच लिहायचा.

पायरी ७: हेच फ्लिप-फ्लॉपवर

फ्लिप-फ्लॉप म्हणजे क्लॉकच्या ठोक्यावर बदलणारी एका बिटची स्मृती. चार अवस्थांना असे दोन बिट पुरतात. थांबलेली ००, भरणे ०१, विसावा ११, बिघाड १० असे सांकेतिक आकडे देऊ. मोटर चालू कधी, तर पहिला बिट ० आणि दुसरा १ असेल तेव्हा. एक गेट, म्हणजे इनपुटवरून ० किंवा १ काढणारं छोटं सर्किट, पुरे.

पण 'विसावा'कडून 'थांबलेली'कडे जाताना ११ चं ०० होतं. दोन्ही फ्लिप-फ्लॉप अगदी एकाच क्षणी बदलत नाहीत. पहिला किंचित आधी बदलला तर मधे क्षणभर ०१ दिसतं, म्हणजे भरणे, आणि मोटरच्या तारेवर एक बारीक टोचा येतो. रिलेला तो कळणारही नाही. तीच तार चिपमधल्या दुसऱ्या भागाला क्लॉक म्हणून दिली असेल तर मात्र तो अख्खा ठोका मोजला जातो. उपाय म्हणजे प्रत्येक अवस्थेला स्वतःचा फ्लिप-फ्लॉप देणं, ज्याला वन-हॉट म्हणतात. मग 'भरणे'चा बिट हीच मोटरची तार, मधे गेट नाही. एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली जोडणी नंतर ठरवता येणाऱ्या चिपमध्ये, फ्लिप-फ्लॉप मुबलक असतात, म्हणून तिथे ही पद्धत रुळली आहे. किंमत अशी की चार बिटांच्या १६ रूपांपैकी १२ निरर्थक असतात. त्या बाराही रूपांतून 'बिघाड'कडे बाण काढा.

फ्लोट आपल्या क्लॉकला विचारून हलत नाही. त्याची तार सरळ दोन-तीन गेटांतून वेगवेगळ्या फ्लिप-फ्लॉपांकडे नेली, तर एकाला जुना आकडा दिसेल, दुसऱ्याला नवा. म्हणून बाहेरचा प्रत्येक इनपुट आधी लागोपाठच्या दोन फ्लिप-फ्लॉपांतून न्या आणि मगच वापरा.

या कामाचा एक सुरेख नमुना आजही असंख्य चिपांमध्ये बसलेला आहे: तपासणीसाठीचा जेटॅग. त्याच्या नियंत्रकात १६ अवस्था आहेत, म्हणजे चार बिट आणि एकही रूप वाया नाही. टीएमएस ही तार १ वर धरून क्लॉकचे पाच ठोके दिले की कुठल्याही अवस्थेतून तो मूळ जागी येतो. चाचणी करणाऱ्याला तो आत्ता कुठे आहे हे माहीत असण्याची गरजच उरत नाही. घरी परतायचा असा रस्ता आपल्याही यंत्रात आहे का, हे जरूर तपासावं.

या साच्यात काय बसतं, काय बसत नाही

टीसीपी म्हणजे दोन संगणकांतली जोडणी सांभाळणारे इंटरनेटचे नियम. अशा प्रत्येक जोडणीचं १९८१ च्या मानकातलं चित्र ११ अवस्थांचं आहे. त्यातली टाइम-वेट ही अवस्था आपल्या विसाव्याची सख्खी बहीण शोभेल: जुनी, वाटेत रेंगाळलेली माहितीची पाकिटं नव्या जोडणीत मिसळू नयेत म्हणून ती मुद्दाम थांबते. तुमच्या फोनवर देवनागरी उमटते तेव्हाही व्यंजन, हलन्त, मात्रा यांचा क्रम असाच अवस्थांनी तपासता येतो. व्यंजनाविना नुसती वेलांटी आली तर बऱ्याच ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. 'या अवस्थेत हे अक्षर चालत नाही' याची ती खूण.

न बसणारी गोष्ट म्हणजे अमर्याद मोजणी. उघडलेले कंस आणि मिटलेले कंस जुळतात का, हे कितीही खोल मजकुरासाठी तपासायचं तर किती कंस उघडे आहेत हे लक्षात ठेवावं लागतं. तुम्ही १०० पातळ्यांपुरत्या अवस्था केल्यात तर कोणीतरी १०१ कंस उघडेल. तिथे स्टॅक लागतो, म्हणजे हवी तेवढी वाढणारी, शेवटचं ठेवलेलं आधी काढणारी स्मृती. मायकेल रेबिन आणि डाना स्कॉट यांनी १९५९ च्या निबंधात फायनाइट स्टेट मशीनचा पाया नीट घातला आणि त्यासाठी त्यांना १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. एका अवस्थेतून एकाच इनपुटवर अनेक बाण काढायची मुभा दिली तरी यंत्राची ताकद वाढत नाही, हे त्यात सिद्ध केलं आहे. अवस्था मात्र फुगू शकतात: क अवस्थांच्या जागी दोनाचा क-वा घात इतक्या.

पायरी ८: तपासणी

स्टेट मशीनचं सगळ्यात मोठं बळ हे की ते संपूर्ण तपासता येतं. २५६ चौकोन संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतो. आधी कागदावर अशी वाक्यं लिहा जी कधीच मोडता कामा नयेत. काठ १ असेल तर पुढची अवस्था भरणे कधीच नसेल. हौद ० असेल तर भरणे कधीच नसेल. बिघाडातून बटणाशिवाय कोणी बाहेर पडणार नाही. मग प्रत्येक चौकोनासाठी पुढची अवस्था काढणारा छोटा प्रोग्राम लिहा आणि ही तीन वाक्यं त्यावर चालवा. नियमांचा क्रम चुकला असेल तर तो इथेच सापडतो.

हे कोष्टकाचं झालं. उरलेलं काम गच्चीवर, दोघांनी मिळून करायचं. एक जण फ्लोट हाताने उचलेल, दुसरा खाली कंट्रोलरच्या दिव्यांकडे बघेल. तळ खाली, काठ खाली: मोटर सुरू. तळ उचला: चालूच. काठ उचला: बंद. काठ तसाच वर धरून तळ सोडा: बझर. काठाची तार काढून पाहा, मग तळाची, मग हौदाची. शेवटी चारही अवस्थांत एकेकदा मेन स्विच बंद करून पुन्हा लावा, आणि यंत्र कुठे उठतं ते दर वेळी कागदावर लिहा. चौथ्या ओळीत 'बिघाड, बझर चालू' असं लिहिलं गेलं की मोटर जोडायला हरकत नाही.